पाण्याची शीव

देवळाच्या आवारात खांब सोळा. त्यांतले नऊ उभे, चार आडवे, तीन मोडलेले. मोडलेल्यांचे तुकडे अकरा होते. ते एकमेकांना लावून पाहिले तेव्हा तीनच खांब निघाले. वीरगळ सात, सतीशिळा एक. नंदी एक, मुंडकं नसलेला. गाभाऱ्याची चौकट शाबूत, तिच्यावरचं कीर्तिमुखही शाबूत, वर छप्पर मात्र नाही. पायऱ्या पाच, सहावी गाळाखाली असावी. आणि नंदीच्या पाठीमागे दहा पावलांवर एक चौकोनी दगड, गुडघाभर उंच, जो देवळाचा नव्हता.

योगिनी त्याच्यासमोर उकिडवी बसली. देवळाचा दगड काळा, बारीक कणांचा, हजारभर वर्षांच्या पावसाने गुळगुळीत झालेला. हा त्याच खडकाचा होता, पण छिन्नीचे घाव अजून धारदार होते. वर शेंदराचे थर. नखाने खरवडले तर खालचे थर वाळून पापुद्र्यासारखे निघाले, सगळ्यांत वरचा बोटाला लागला. म्हणजे शेंदूर याच आठवड्यातला. शेंदराखाली एक बाण होता आणि बाणाखाली आकडा: १२८.

तिने वहीत लिहिलं, ‘देवळाशी संबंध नसलेले दगड: १.’

हे तिचं अकरावं देऊळ. मुरबाडची मुलगी, भूशास्त्रात एमएस्सी करून वर्ष झालेलं. कल्याणच्या एका लहानशा संस्थेने तिला काम दिलं होतं: मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतली जुनी दगडी देवळं शोधायची, मोजायची, नोंदवायची. महिनाभर ती एसटीने, जीपने आणि जिथे जीपही जात नाही तिथे पायी हिंडत होती. या मुलखात देवळं मोजायला निघालं की मेलेली माणसंही मोजावी लागतात, हे तिला चौथ्या देवळापाशीच कळलं. प्रत्येक वीरगळावर कुणीतरी पडलेलं. खालच्या चौकटीत आडवा झालेला माणूस, त्याच्या उशाला गाई, वरच्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. कोण, कधी, कुणाच्या हातून, हे विचारलं की गावोगावी एकच उत्तर: ‘लय जुनं हाय ते.’ आणि पन्नास वर्षांपूर्वीचं काही विचारलं तरी लोक तेच म्हणत, फक्त तोंड दुसरीकडे वळवून.

हे अकरावं देऊळ वर्षातले निदान दहा महिने धरणाच्या पाण्याखाली असे. उन्हाळा कडक असला तर मेमध्ये वर येई. यंदा ते एप्रिलच्या शेवटालाच वर आलं होतं. आटगावहून जीपने तासभर, पुढे टेपाच्या वाडीपर्यंत चालत. आणि वाडीतून खाली उतरलं की भेगाळलेल्या गाळात उभे असलेले हे खांब. आजूबाजूला झाड नाही. बुडालेल्या झाडांचे बुंधे तेवढे होते, सगळे एकाच उंचीवर कापलेले. पाणी देवळापासून हाकेच्या अंतरावर पडून होतं. वारा नव्हता. पाण्यावर एक रेघही उमटत नव्हती.

‘मॅडम, या दुर्बिणीत आमची वाडी सुलटी दिसते का उलटी?’ हरेशने विचारलं.

हरेश वाडीतलाच, तिशीचा, बारावीपर्यंत शिकलेला. आसनगावच्या एका गोदामात कामाला जाई; आज शनिवारची सुट्टी होती म्हणून तिची आकड्यांची उंच पट्टी धरायला आला होता. उंची मापायच्या तिच्या तिपाईवरच्या लेव्हलला तो दुर्बीणच म्हणत होता. सुलटी दिसते, ती म्हणाली, पण तू पट्टी अशीच वाकडी धरलीस तर कुठे दिसेल सांगता येत नाही.

संस्थेच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘पाण्यापासूनची उंची’. बाकीचे लोक तो अंदाजाने भरत. योगिनी मापून भरायची. सकाळी तिने धरणावरच्या माणसाला फोन करून आजची पातळी विचारून घेतली होती: ११७.८० मीटर. थांबलेलं पाणी सगळीकडे एकाच पातळीत असतं, म्हणून ती पाण्याच्या कडेपासून सुरुवात करी. कडेवर पट्टी, मध्ये लेव्हल, पुढे पट्टी. मग लेव्हल पुढे. अशी एकेक टप्प्याने ती वर चढत आली. शेंदराच्या दगडाची जमीन निघाली १२१.७०.

दगडावर मात्र १२८ होतं. तिने भुवई उंचावली, आकडा लिहिला आणि पुढे सरकली. जुन्या दगडांवरच्या आकड्यांना शंभर अर्थ असतात.

‘याला शेंदूर कोण लावतं?’

‘हा पाणवीर,’ हरेश म्हणाला. ‘पानी आडवतो. देऊळ उघडं पडलं का आमचा आजा येतो, शेंदूर लावतो. दुसऱ्या कुनाला हात लावू देत नाय.’

आजा म्हणजे बुधू. वय अठ्ठ्याहत्तर. वाडीतलं घर या नातवाला देऊन तो तीन वर्षांपूर्वी वरच्या डोंगरधारेवर राहायला गेला होता. काट्याकुट्यांची झोपडी, एक मडकं, एक घोंगडी. दर उन्हाळ्यात तो आणखी थोडा वर सरकतो, हरेश हसत म्हणाला. यंदा माकडांचा शेजारी झालाय, पुढल्या साली घारींचा होईल.

वाडीच्या खालच्या अंगाला, पहिल्या घराच्या जरा अलीकडे, सिमेंटचा एक ठेंगणा खांब होता. पिवळा रंग, वर काळ्या अक्षरांत १३२.००. धरणाची भिंत चार मीटरने वाढणार होती. नवीन पाणी कुठवर येईल त्याच्या खुणा हिवाळ्यात जागोजाग रोवून गेले होते. याही खांबावर शेंदूर होता. पायथ्याशी तांदूळ, वाळलेलं रक्त आणि कोंबड्याचं एक लाल पीस, सिमेंटला चिकटून बसलेलं.

योगिनीला बरं वाटलं. सरकारी खूण सापडली की आपली मापं ताडून पाहता येतात. तिने पट्टी खांबाच्या माथ्यावर ठेवायला सांगितली, वाचन घेतलं, वजाबाकी केली. १२९.१५.

तिने पुन्हा वजाबाकी केली. पुन्हा १२९.१५.

दोन मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटरची चूक तिच्या हातून कधीच झाली नव्हती. पहिल्या वर्षाला असतानाही नाही. तिचे कान गरम झाले. ती त्याच वाटेने टप्प्याटप्प्याने परत पाण्यापर्यंत उतरली. जाण्यायेण्यातला फरक निघाला सहा मिलिमीटर.

‘दुर्बीण बिघडली असल,’ हरेश म्हणाला. या खेपेला तो हसत नव्हता. पट्टीकडे बघत होता.

दुर्बीण बिघडली तर जाताना एक आणि येताना दुसरं दिसतं, ती म्हणाली. दोन्ही वेळा सारखं दिसलंय.

दुपारी जेवायला हरेशने तिला रखमीआजीकडे नेलं. रखमी म्हणजे बुधूची धाकटी बहीण. तिचं घर वाडीतलं सगळ्यांत खालचं, पिवळ्या खांबाच्या डोक्यावरच. कुडाच्या भिंती, सारवलेली ओटी, सागाचा उंबरा मध्ये झिजून वाटीसारखा खोल झालेला. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढता वाढता रखमी बोलत राहिली. चांगली बातमी तिला नव्या माणसाला सांगायची होती. यादी लागली होती. तलाठ्याच्या कचेरीबाहेर, कागदावर, शिक्क्यासकट. यादीवाला मागच्या पंधरवड्यात येऊन गेला, खांब बघितला, घरं बघितली, चहा प्याला. हरेशने मोबाइलवर फोटो दाखवला. टेपाची वाडी, एकूण घरं चौतीस, बाधित घरं शून्य. खाली बारीक अक्षरांत: हरकती सोमवार सायंकाळपर्यंत.

वाडीने त्या दिवशी बकरं कापलं होतं.

‘या बारीला देव पावला गो,’ रखमी म्हणाली. ‘मागल्या बारीला त्या यादीवाल्याचा तळतळाट लागला आमाला. अजून रोज शिव्या देते त्याला. मेला असल आता, तरी देते.’

मागची वेळ म्हणजे बावन्न वर्षांपूर्वी, धरण पहिल्यांदा भरलं तेव्हाची. वाडी तेव्हा खाली होती, देवळाच्या वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर. यादीत त्यांची सात घरं नव्हती. तुम्ही वर आहात, पाणी तुमच्यापर्यंत येत नाही, असं सांगून यादीवाला गेला होता. श्रावणात पाणी आधी मागच्या ओहोळात चढलं, मग टेपाला चहूबाजूंनी वेढा पडला. वासे बांधून तराफा केला. तिसऱ्या फेरीला तो फुटला. पाच माणसं गेली. त्यांत रखमीचा नवरा होता आणि त्याच्या पाठीला बांधलेली दीड वर्षाची मुलगी. रखमी पहिल्या फेरीला पार झालेली होती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. हे सगळं तिने भाकरी थापताना सांगितलं, आवाज न बदलता, आणि शेवटी आणखी चटणी हवी का म्हणून विचारलं.

योगिनीच्या डोक्यात दोन आकडे शेजारीशेजारी बसले होते. खालच्या दगडावर १२८, जमीन १२१.७०. वरच्या खांबावर १३२, माथा १२९.१५. दोन्हींवर शेंदूर.

जेवण झाल्यावर ती एकटीच वाडीच्या वर गेली. शेवटचं घर मागे टाकून तीसेक पावलं चालल्यावर तिला हवं ते मिळालं. जमिनीत एक चौकोन, दगडांनी आणि सागाच्या पाल्याने बुजवलेला. पाला बाजूला केला तर आत सिमेंटचं फुटकं कोंदण, कडेला पिवळ्या रंगाचे ओघळ. चौकोनाची बाजू तिने टेपने मोजली, मग खाली जाऊन खांबाची मोजली. दोन्ही वीस सेंटिमीटर.

हरेश तिच्या मागोमाग आला होता. खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं आणि मग मिटलं. त्यानेच सगळं सांगितलं. शिमग्याला त्यांची वाडी दरसाल शीव बांधते. हद्दीवर दगड असतो, त्याला नारळ, कोंबडा, शेंदूर देतात. मग रोगराई, वाघरू, भूतखेत, जे काही बाहेरून येतं ते त्या दगडाच्या अलीकडे येत नाही. पाणीसुद्धा बाहेरूनच येतं. आणि खांब रोवणारा साहेब स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, पाणी या खांबापर्यंत येणार, पुढे नाही. मग खांब घरांच्या वर ठेवून कसं चालेल? यंदाच्या शिमग्याला सहा जणांनी तो वाजतगाजत उचलला, घरांच्या खाली आणून रोवला आणि कोंबडा दिला.

‘तू बारावी झालास,’ योगिनी म्हणाली.

‘म्हनून तर तलाठ्याची यादीबी बघून आलो,’ हरेश म्हणाला. ‘देवानं ऐकलं, सरकारनंबी ऐकलं. आता तुमीच तेवढ्या ऐकत नाय.’

तिने त्याला पट्टी धरायला लावली. खड्ड्याची कड १३१.७०. खांबाचा उघडा भाग तीस सेंटिमीटर. बेरीज त्याने स्वतः केली, बोटाने मातीत. १३२.००. मग त्याने मान वळवून खाली पाहिलं. चौतीस घरं, सगळी त्या खड्ड्याच्या खाली, उतारावर एकाखाली एक. सगळ्यांत खाली रखमीआजीचं, आणि त्याच्याही खाली पाणी, सकाळी होतं तितकंच गप्प.

‘आन् पाणवीर?’ त्याने विचारलं. ‘त्यो तर देवच हाय ना?’

धारेवरून एक म्हातारा काठी टेकत खाली येत होता. काटक, उघडा, कमरेला पंचा. ते दोघं आज कधीतरी खड्ड्यापाशी उभे दिसणार हे जणू त्याला सकाळपासून ठाऊक होतं. जवळ आल्यावर त्याने खड्ड्यात पाहिलं नाही, तिच्या तिपाईकडे पाहिलं.

‘खालच्या दगडाचं मापलंस, बाय?’

‘मापलं, बाबा.’

‘किती?’

सहा मीटर तीस खाली आहे, ती म्हणाली. मग मीटर त्याला कळणार नाही म्हणून हात वर करून दाखवलं: माणसावर माणूस, त्याच्यावर माणूस, आणि वर आणखी छातीभर. बुधूने मान हलवली. त्याचा अंदाज तेवढाच होता.

यादीवर हरकत घ्यायची तर सोमवारपर्यंतच, योगिनीने त्याला सांगितलं. खांब हलला आहे हे कुणीतरी लिहून द्यायला हवं, नाहीतर तिच्या आकड्यांना कुणी विचारणार नाही. ती बाहेरची, तिच्याकडे फक्त वही. हरेश मध्येच म्हणाला, सरकारी खूण हलवणं गुन्हा आहे, सहाही पोरं आत जातील, गोदामातली नोकरी जाईल. आणि वाडी त्याला जिवंत ठेवणार नाही. बकरं खाल्लेल्या माणसांना कोण सांगणार?

‘सोमवार,’ बुधू म्हणाला. ‘आज वार कोनता?’

‘शनवार, आजा.’

म्हातारा वाडीत उतरला. हे दोघं मागून. तो प्रत्येक घरासमोर क्षणभर थांबत होता, जणू उंबरे मोजत होता. रखमी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. ओटीवर ये, ती म्हणाली. तो हलला नाही.

‘रखमे, त्यो यादीवाला खोटा नवता.’

रखमीचा हात सुपात थांबला.

‘पाणवीर देव नाय. सायबाचा दगड हाय त्यो, पानी कुठवर येनार त्याची खून. टेपाच्या वर होता, आपल्या घरांच्या वर. आमी चौघांनी उचलला, देवळात आनून ठेवला. शीव बांदली. मी फुडला उजवा होतो. यादीवाल्यानं दगड बघितला, घरं वर बघितली, नावं खोडली.’ त्याने तळहात उघडे करून दाखवले, जणू त्यांवर अजून काही असेल. ‘त्या चौघांतले तिघं मेले. मी ऱ्हायलो. शिमग्याला पोरांनी ह्यो खांब उचलला, तवा मी धारेवरनं बघत व्हतो. तवाच बोलायचं व्हतं. तुझ्यापायी नाय बोललो.’

सुपातल्या तांदळावर एक माशी चालत होती. रखमी तिच्याकडे बघत राहिली, ती उडेपर्यंत. नंतर तिने विचारलं ते भावाला नव्हे, योगिनीला: ह्या खांबाचंबी तसंच झालंय का?

योगिनी हो म्हणाली.

हरेश उंबऱ्यापाशी पट्टी घेऊन उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. बुधूने मान वर न करता त्याला सांगितलं, कागदावर माझं नाव लिही, खांब मीच हलवला म्हण, अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला कोण आत टाकतंय. हरेशने पट्टीवरचा हात बदलला. मग तो म्हणाला, एकट्या म्हाताऱ्याला खांब उचलता येतो हे कुनी खरं धरील का, माझंबी लिवा. योगिनीने वहीचं नवं पान काढलं आणि दोन्ही नावं लिहिली. बुधूने अंगठा उमटवला. शाई नव्हती, खांबाचा शेंदूर ओला करून घेतला.

रखमीने सूप बाजूला ठेवलं. पदर खोचला. ती ओटीवरून उतरली, भावाच्या बाजूने गेली, त्याच्याकडे पाहिलं नाही. हरेशच्या हातातली पट्टी तिने काढून घेतली आणि आपल्या उंबऱ्यावर, मधल्या झिजलेल्या खळग्यात, उभी केली. पट्टी तिच्या दुप्पट उंच होती आणि हलत होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली, गाल लाकडाला टेकवला आणि सरळ केली.

‘माप,’ ती म्हणाली.

योगिनीने लेव्हलचा बुडबुडा मध्ये आणला, डोळा लावला. दोनदा वाचलं, दोनदा लिहिलं.

टेपाची वाडी, घर पहिलं. उंबरा: १२९.६४ मीटर. नवीन पाणी: १३२.०० मीटर. उंबऱ्यावर पाणी: २.३६ मीटर.